डिम समच्या पारीत गव्हाचा चीक

बाणेरच्या एका आतल्या गल्लीत सात टेबलांचं डिम समचं, म्हणजे चिनी पद्धतीच्या छोट्या, बहुतेक वाफवलेल्या पदार्थांचं, रेस्तराँ आहे. शेफच मालक. स्वयंपाकघर आणि बसायची जागा यांच्यामध्ये फक्त एक काच, त्यामुळे वाफ, टोपल्या आणि काम करणारे हात असं सगळं टेबलावरून दिसतं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मी आईला तिथे घेऊन गेले होते. बांबूच्या टोपलीचं झाकण निघालं. आत चार हार गाव, म्हणजे कोळंबी भरून वाफवलेले डंपलिंग, होते. दुधी काचेसारखी पारी, तिच्यातून दिसणारी कोळंबीची गुलाबी झाक, आणि एकाच अंगाला पाडलेल्या बारीक कळ्या. आईने एक चमच्यात उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाली, "अगं, हा तर कुरडईचा चीक आहे."

शेफच्या कानावर ते गेलं असावं. हात पुसत तो बाहेर आला. "काकू, बरोबर ओळखलंत. गव्हाचाच चीक. फक्त आम्ही त्याची उकड काढतो, तुम्ही मोदकाला काढता तशी."

या दोघांच्या बोलण्यात डिम समचं निम्मं शास्त्र येऊन गेलं. मी कित्येक वर्षं डिम सम खातेय, पण ही पारी काचेसारखी का दिसते, टोपली यायला वेळ का लागतो, चार नगांना एवढे पैसे का, छोट्या ठिकाणी पार्सलला नाही का म्हणतात, या सगळ्याचं उत्तर एकाच जागी आहे हे मला त्या दुपारी कळलं. ते उत्तर त्या पारीत आहे.

आधी नावाबद्दल

डिम सम हा एक पदार्थ नाही. आपण फराळ म्हणतो तेव्हा त्यात चिवडा, चकली, करंजी, लाडू सगळं येतं, तसा हा शब्द आहे. तो कँटनीज भाषेतला. त्याची फोड केली तर 'हृदयाला स्पर्श' असा अर्थ निघतो, आणि रोजच्या बोलण्यात तोंडात टाकायला थोडंसं काहीतरी, एवढाच. चीनच्या दक्षिणेकडचा ग्वांगडाँग प्रांत, तिथलं ग्वांगझौ शहर आणि शेजारचं हाँगकाँग ही या खाण्याची माहेरं. तिथे लोक डिम सम खायला चाललोय असं सहसा म्हणत नाहीत, 'यम चा'ला चाललोय म्हणतात. यम चा म्हणजे चहा पिणं. मान चहाचा, खाणं त्याच्या जोडीला. 'एक पेला, दोन नग' असा त्यांच्याकडे जुना शब्दप्रयोग आहे. सकाळी चहाघरात बसायचं, एक चहा आणि दोन पदार्थ घ्यायचे, वर्तमानपत्र वाचायचं, ओळखीचं कोणी आलं की खुर्ची ओढून द्यायची. डेक्कनवर १९३५पासून चालू असलेल्या कॅफे गुडलकमध्ये रविवारी सकाळी बन मस्का आणि चहा घेऊन बसलेली मंडळी ज्याने पाहिलीत त्याला यम चा वेगळं समजवायला नको.

आपल्याला 'चायनीज' म्हणून जे माहीत आहे ते आलं कलकत्त्याहून. अठराव्या शतकाच्या शेवटी टोंग अछू नावाचा एक चिनी गृहस्थ कलकत्त्याजवळच्या बजबजपाशी साखरेची गिरणी काढून राहिला. पुढे हक्का आणि कँटनीज लोक येत गेले, कलकत्त्यात टांग्र्याची चिनी वस्ती झाली, आणि त्यांच्या स्वयंपाकात आपलं आलं, लसूण, हिरवी मिरची उतरली. चिकन मंचुरियन तर आपल्या मुंबईतलंच. नेल्सन वांग यांनी १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण डिम समचं घराणं वेगळं आहे. इथे मोठ्या आचेवरच्या तव्यापेक्षा वाफ महत्त्वाची, आणि चव मुद्दाम सौम्य ठेवलेली, कारण कोळंबी ताजी आहे की नाही हे त्या सौम्यपणातच कळतं. शेजवान चटणीची अपेक्षा घेऊन गेलं तर पहिला घास अळणी वाटतो.

आणि मोमो? ते तिबेट-नेपाळकडचे. त्यांची पारी मैद्याची, गार पाण्यात भिजवून मळलेली. म्हणून ती पांढरी, अपारदर्शक आणि चिवट होते. चांगला मोमो मस्तच लागतो, पण हार गावच्या पारीशी त्याचं नातं नाही. ते नातं कुरडईशी आहे.

चीक, उकड आणि काच

गव्हाच्या पिठात मुख्य दोन गोष्टी असतात: स्टार्च आणि ग्लुटेन नावाचं प्रथिन. कणीक मळली की ग्लुटेनची जाळी तयार होते. तिच्यामुळे पोळी लाटताना ताणली जाते आणि फाटत नाही. हीच जाळी पारीतून उजेड नीट जाऊ देत नाही.

कुरडया करताना आपण काय करतो ते आठवा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, गाळून घ्यायचे. चोथा वर राहतो. कोंडा आणि ग्लुटेनचा बराच भाग त्यात जातो. खाली जे पांढरं दूध निवळतं तो चीक, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. कँटनीज लोक याला 'तांग मिन' म्हणतात, आणि त्यांची पारंपरिक रीत थोडी उलट्या अंगाने जाते. आधी कणीक मळून घेतात आणि तो गोळा पाण्यात धूत राहतात. स्टार्च पाण्यात उतरतं, ग्लुटेनचा रबरासारखा गोळा हातात उरतो. ग्लुटेनचं वेगळं काहीतरी करून खातात, पाणी निवळलं की तळाशी चीक मिळतो. वाट वेगळी, मुक्काम तोच.

आता या चिकात गार पाणी घालून मळायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. ग्लुटेन नाही, म्हणजे धरून ठेवणारं कोणी नाही. म्हणून त्यात खळखळतं पाणी ओततात. साधारण ६० अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगायला लागतात, फुटतात आणि एकमेकांत मिसळून घट्ट, चिकट लगदा होतो. कच्च्या कणांवरून उजेड विखुरतो म्हणून पीठ पांढरं दिसतं, फुगलेल्या कणांमधून तो आरपार जातो. कुरडईचा चीक पातेल्यात शिजता शिजता पांढऱ्याचा काचेसारखा होतो तो क्षण आपल्या सगळ्यांनी पाहिलेला आहे. लहानपणी त्या गरम चिकावर तूप-साखर घालून मिळायची म्हणून आम्ही गच्चीवर ताटकळत उभे असायचो.

चिकाच्या जोडीला दुसरं स्टार्च लागतं ते टॅपिओकाचं, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो ते. खिचडीतला साबुदाणा शिजला की कसा पारदर्शक आणि लवचिक होतो? हार गावच्या पारीला तोच गुण हवा असतो. नुसत्या चिकाची पारी ठिसूळ होते, नुसत्या टॅपिओकाची चिवट. दोन्हींचं प्रमाण प्रत्येक शेफचं आपलं, आणि ते तो सहज सांगत नाही. शेवटी चमचाभर चरबी. मूळ रीत डुकराच्या चरबीची, पुण्यात बहुतेक ठिकाणी तेल.

पाण्याला पुरती उकळी फुटलेली नसली तर उकड अर्धी कच्ची राहते आणि कळ्या पाडताना फाटते. हे शेफने आईला सांगितलं नाही, आईनेच त्याला सांगितलं. मग दोघं उन्हाळ्याबद्दल बोलत राहिले. चैत्र-वैशाखात पुण्याची हवा इतकी कोरडी की उकडीचा गोळा बोलता बोलता वरून सुकतो. दोघांचाही उपाय एकच: ओलं फडकं, आणि लागेल तेवढाच गोळा बाहेर काढणं.

पारी करण्याची त्याची पद्धत मात्र आईला नवीन होती. लाटणं नाही. ओट्यावर एक रुंद, बिनधारेचा सुरा, त्याच्या पात्याला तेलाचा हात. सुपारीपेक्षा जरा मोठी गोळी ठेवायची, पातं आडवं टेकवायचं आणि तळव्याने दाबत अर्धगोल फिरवायचं. पातं उचललं की खाली चकती, इतकी पातळ की ओट्याचा रंग दिसतो. ती डाव्या हातात, मध्ये कोळंबी, आणि मग अंगठा आणि तर्जनी भरभर चालतात. मोदकाच्या कळ्या चहूबाजूंनी वर येऊन शेंडीला मिळतात. हार गावच्या फक्त पुढच्या कडेला असतात, मागची कड सपाट राहते, म्हणून त्याचा आकार अर्ध्या चंद्रासारखा वाकतो. कमीत कमी सात कळ्या आणि जमल्यास दहाच्या वर, असा कँटनीज स्वयंपाकघरांतला संकेत आहे. आईने ताटलीतल्यावर मोजल्या, अकरा भरल्या. ती स्वतः मोदकाला एकवीस पाडते, पण त्या अकरा पाहून तिने शेफला विचारलं, "किती वर्षं लागली हो हात बसायला?" तो म्हणाला, "काकू, पहिली दोन वर्षं मला नुसतं सारणच भरायला द्यायचे."

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फुगलेलं स्टार्च थंड व्हायला लागलं की त्याचे धागे पुन्हा एकमेकांजवळ येऊन आवळले जातात. पारी आधी धुरकट होते, मग घट्ट, मग कडक. उकडीचा मोदक सकाळी उरलेला असला तर त्याचं जे होतं तेच. मोदकाची पारी जाड असते म्हणून तिला वेळ लागतो. हार गावची इतकी पातळ असते की टोपली उघडल्यापासून पाच-सात मिनिटांत फरक जाणवतो. टोपली टेबलावर आली की आधी खावं, फोटो नंतर.

याची किंमत मी एकदा मोजली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या बुफेत मी पहिल्यांदा हार गाव खाल्ला. गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली तो किती वेळ होता कोण जाणे. चिमट्याने उचलला तर पारी कागदाला चिकटून तिथेच राहिली आणि हातात आलं कोरडं सारण. मला वाटलं हा पदार्थच असा असतो. पुढची चार-पाच वर्षं मी तो कुठे मागवलाच नाही. तेव्हाचं दुःख मला अजून वाटतं, कारण दोष पदार्थाचा नव्हता, त्या मधल्या वेळेचा होता.

टोपली बांबूचीच का

आई मोदकपात्राच्या झाकणाला आतून पंचा बांधते. धातूच्या झाकणावर वाफ थंड होते, थेंब खाली पडतात आणि मोदकांना डाग पडून पारी पचपचीत होते. पंचा ते पाणी शोषून घेतो. बांबूची टोपली हेच काम विणीने करते. झाकण विणलेलं असल्यामुळे जास्तीची वाफ बाहेर जाते, उरलेला ओलावा बांबू पितो. शिवाय टोपल्या एकावर एक रचता येतात आणि एका कढईतल्या पाण्यावर पाच-सहा थर शिजतात. त्यांच्या जागा मधूनमधून बदलाव्या लागतात, म्हणून काचेपलीकडचा माणूस सतत टोपल्या वर-खाली करताना दिसतो.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळतं आणि वाफही तेवढीच गरम असते. हाँगकाँगला शिकलेली वेळ इथे जशीच्या तशी लावायची नाही, एक टोपली आधी उघडून बघायची, असं हा शेफ सांगतो. हार गावला पाच-सहा मिनिटं, मांसाचं सारण भरलेल्या सुई मायला सात-आठ, पावासारख्या बाओला दहा-बारा. ऑर्डर दिल्यावर टोपली वाफेवर चढते, म्हणून तेवढी वाट बघणं आलंच. ऑर्डर दिल्या दिल्या दीड मिनिटात टोपली आली तर ती आधीच शिजवून ठेवलेली होती.

आत काय असतं

हार गावमधली कोळंबी चावली की करकरीत लागायला हवी. आपल्या कोळंबीच्या कालवणात ती मऊ असते, त्यामुळे अनेकांना ही कच्ची आहे की काय अशी शंका येते. कच्ची नसते. सोललेली कोळंबी मीठ आणि थोडं स्टार्च लावून चोळतात, बऱ्याचदा चिमूटभर सोडा लावून ठेवतात, मग गार वाहत्या पाण्याखाली धुऊन, फडक्याने टिपून फ्रिजमध्ये थंड करतात. सोड्यामुळे तिच्यातलं पाणी शिजताना सुटत नाही, म्हणून चावताना तसा आवाज येतो. काही तुकडे अखंड, काही ठेचलेले. ठेचलेल्यांमुळे सारण एकसंध राहतं, अखंड तुकडे दाताखाली येतात. त्यात कोवळ्या बांबूचे बारीक तुकडे आणि थोडी डुकराची चरबी, जी वाफेवर वितळून सगळं रसदार करते.

पुण्याला समुद्र नाही. कोळंबी येते ती कोकण-मुंबईहून गणेश पेठेतल्या मासळी बाजारात किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात, नाहीतर शेततळ्यातली, गोठवून आलेली. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी समुद्री कोळंबी आहे असं कोणी सांगितलं तर जरा चौकशी करावी. शेततळ्यातली चांगली गोठवलेली कोळंबी वाईट नसते, फक्त शेफने ते मोकळेपणाने सांगावं. आमच्या शेफने मेन्यूच्या फळ्यावर ते लिहून ठेवलं आहे आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

सुई माय म्हणजे पिवळसर, वरून उघडी वाटी. तिची पारी गव्हाच्या पिठाची आणि अंड्याची. मूळ सारण डुकराचं मांस आणि कोळंबीचं. पुण्यात अनेकजण डुकराचं मांस खात नाहीत म्हणून कोंबडीचं मिळतं, आणि तिथेच शेफची कसोटी लागते. कोंबडीच्या छातीच्या मांसात चरबी नाही, वाफेवर ते भुश्शासारखं होतं. मांडीचं मांस, हाताने चिरलेलं, थोडं तेल आणि एका दिशेने बराच वेळ ढवळणं, एवढं केलं तर ते रसाळ राहतं. कोंबडीचा सुई माय चांगला जमला असेल तर बाकीचा मेन्यू डोळे झाकून मागवावा, हा माझा अनुभव.

चेउंग फन पाहिल्यावर सुरळीची वडी आठवते. तांदळाचं पातळ पीठ कपड्यावर किंवा तबकात पसरून वाफवतात, मध्ये कोळंबी किंवा भाजी, आणि गुंडाळी करून वर गोडसर सोया सॉस. लो माय गाय म्हणजे कमळाच्या पानात वाफवलेला चिकट तांदूळ. हळदीच्या पानातल्या पातोळ्या ज्याने खाल्ल्यात त्याला पान उलगडताना येणारा वास ओळखीचा वाटेल, फक्त पान वेगळं. लो बाक गो ही मुळ्याची वडी. मुळा किसून तांदळाच्या पिठात वाफवायचा, वड्या कापून तव्यावर परतायच्या. कोथिंबीर वडीचीच ही पद्धत.

श्याओ लोंग बाओ, म्हणजे आत रस्सा असलेला गोळा, बहुतेक मेन्यूंवर असतो पण तो मूळचा शांघायकडचा. रस्सा आत भरतात कसा, हे मला नेहमी विचारलं जातं. पाया सूप फ्रिजमध्ये ठेवलं की जेलीसारखं गोठतं ना? तसा गोठलेला रस्सा चिरून सारणात मिसळतात. वाफेवर त्याचं पुन्हा पाणी होतं. खाताना तो चमच्यात घ्यायचा, कडेला छोटंसं भोक पाडायचं, रस्सा ओढून घ्यायचा आणि मग बाकीचा खायचा. थेट तोंडात टाकला तर जीभ भाजते.

मागवताना

बहुतेकजण चूक करतात ती एकदम दहा टोपल्या मागवण्याची. टेबल भरतं, पहिल्या दोन गरम लागतात आणि बाकीच्या वर सांगितलं तशा कडक होतात. दोघं असाल तर दोन-दोन टोपल्या मागवा. आधी हलकं, म्हणजे हार गाव, चेउंग फन. मग मांसाचं आणि भाताचं. तळलेलं शेवटाकडे. चार नगांची टोपली आणि तीन माणसं असा प्रश्न आला तर आधीच विचारा, छोट्या ठिकाणी नग वाढवून देतात.

पहिला नग कशातही न बुडवता खावा. मग हवं तर सोया, मिरचीचं तेल.

चहा नक्की घ्या. पुएर हा काळसर, मातकट वासाचा चहा चरबीवर छान बसतो, चमेलीचा चहा नवख्यांना सोपा. अमृततुल्यची सवय असलेल्या जिभेला दूध-साखरेशिवायचा चहा पहिल्या पेल्याला पाणी वाटतो, तिसऱ्या पेल्याला त्याचं काम कळतं: प्रत्येक टोपलीनंतर तोंड नवं होतं. कोणी तुमच्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवायची, हा तिथला आभाराचा रिवाज. चियेनलाँग नावाचा सम्राट वेषांतर करून फिरताना आपल्या सेवकाला चहा ओतू लागला. उठून साष्टांग नमस्कार घातला तर बिंग फुटायचं, म्हणून त्या सेवकाने बोटांनीच नमस्कार केला, अशी त्यामागची दंतकथा आहे. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं, पाणी भरून मिळतं.

शाकाहारी वाचकांसाठी थोडं जास्त. श्रावणात या रेस्तराँचा फळा जवळजवळ बदलतो, आणि मशरूम, मका, पालक यांचे 'क्रिस्टल' डंपलिंग येतात. पारी तीच, चिकाची. पण विचारावं: पारीत चरबी कुठली, सॉसमध्ये कालवांपासून केलेला ऑयस्टर सॉस आहे का, शाकाहारी टोपल्या वेगळ्या ठेवता का आणि त्या सगळ्यांत वर चढवता का, कारण वरच्या थरातला रस खालच्या टोपल्यांत ठिबकतो. चांगला शेफ या प्रश्नांनी चिडत नाही. सारणात करकरीत पांढरे तुकडे लागले तर ते वॉटर चेस्टनट. आपण त्याला शिंगाडा म्हणतो खरं, पण आपला शिंगाडा वेगळ्या वनस्पतीचं फळ आहे आणि हा पाणथळ गवतासारख्या झाडाचा कंद. उपवासाला शिंगाडा चालतो म्हणून हा चालेल असं धरून चालू नये. आणि ज्यांना डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद सांगितलाय त्यांनी पारदर्शक पारीला तांदळाची समजू नये. चिकात ग्लुटेनचा अंश राहू शकतो.

सात टेबलं, बारा पदार्थ

आता पैशांचं. समजा एका हार गावला पारी दाबण्यापासून कळ्या मिटेपर्यंत एक मिनिट लागतं. रविवारी चाळीस टोपल्या जाणार असतील तर १६० नग, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास एका माणसाचे हात फक्त याच एका पदार्थात. गोठवल्याशिवाय हे आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही, कारण कच्ची पारीही सुकते. म्हणून मेन्यूवर बाराच पदार्थ असतात, म्हणून दोन वाजता 'हार गाव संपले' असं उत्तर मिळतं. टोपलीचे पैसे पिठाचे आणि कोळंबीचे जितके, तितकेच त्या बोटांचे असतात. ज्या ठिकाणी डिम समचे साठ प्रकार दिवसभर मिळतात तिथे बहुतेक माल गोठवलेला येतो, इतकं साधं गणित आहे.

छोट्या जागेत हे काम किती उंचीला जाऊ शकतं याचं उदाहरण हाँगकाँगमध्येच आहे. फोर सीझन्स हॉटेलातल्या लुंग किंग हीन या रेस्तराँला रेस्तराँना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेत २००९ला तीन तारे मिळाले. तिथे डिम सम करणारे शेफ मॅक क्वाई-पुई यांनी त्याच वर्षी हॉटेल सोडून मोंग कॉक भागात टिम हो वान नावाची वीसेक खुर्च्यांची जागा काढली. पदार्थ साधे, दर सामान्य माणसाला परवडणारे, बाहेर रांग. पुढच्याच मार्गदर्शिकेत त्या वीस खुर्च्यांना एक तारा मिळाला.

बाणेरच्या त्या गल्लीत ताऱ्यांचा विषय नाही. पण शेफ स्वतः ओट्याशी उभा असला की एक फरक पडतोच. उकड बिघडली तर तो ती टाकून देतो, कारण त्याला विचारणारं कोणी नाही आणि गिऱ्हाईकाचं तोंड त्याला काचेतून दिसतं. त्या दिवशी त्याने एक पूर्ण गोळा टाकताना आम्ही पाहिलं. आई हळहळली, मग म्हणाली, "मीही टाकते."

निघताना मी भाच्यांसाठी पार्सल मागितलं. शेफने नाही म्हटलं आणि आत जाऊन कच्चे, गोठवलेले बारा हार गाव डब्यात घालून आणले. शिजवलेलं पार्सल घरी पोचेपर्यंत रबर होईल, हे घरी वाफवा, म्हणाला. बर्फ वितळू द्यायचा नाही, वितळला तर पारी ओली होऊन फाटते. पाण्याला पुरती उकळी आल्यावर फ्रीजरमधून थेट वाफेवर, आठ मिनिटं.

आईने मोदकपात्र काढलं. जाळीवर केळीच्या पानाचे तुकडे मांडले, त्यांना तेलाचं बोट लावलं, एकेक हार गाव दुसऱ्याला चिकटणार नाही असा ठेवला, झाकणाला पंचा बांधला. आठ मिनिटांनी झाकण काढलं तेव्हा भाचे ताटल्या घेऊन ओट्याशीच उभे होते, आणि आई त्यांना टेबलापर्यंत जाऊ देईना.